परिचारिकांचा ताण आणि भिंतीवरची ड्यूटी लिस्ट

कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात गेलात, तर परिसेविकेच्या, म्हणजे आपण जिला इन्चार्ज सिस्टर म्हणतो तिच्या, टेबलामागे भिंतीवर एक कागद चिकटवलेला दिसतो. डाव्या बाजूला नावे, वर एक ते एकतीस तारखा आणि चौकटींमध्ये मॉर्निंग, ईव्हनिंग, नाइट, ऑफ यांची आद्याक्षरे. महिन्याच्या पहिल्या तारखेला हा कागद स्वच्छ असतो. पंधरा तारीख उजाडेपर्यंत त्यावर लाल-निळ्या शाईने इतकी खाडाखोड होते, की कोणाची ड्यूटी कधी आहे हे विचारूनच कळते. परिचारिकांच्या मानसिक ताणाविषयी पुष्कळ बोलले जाते, सकारात्मकता आणि ध्यानधारणा हे शब्द त्यात वारंवार येतात, आणि मोठ्या खासगी रुग्णालयांतून आता ‘कर्मचारी साहाय्य कार्यक्रम’, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी गोपनीय समुपदेशनाची सोय, हे नावही ऐकू येऊ लागले आहे. ताण म्हणजे नेमके काय, तो कसा साचतो आणि असे कार्यक्रम काय करू शकतात व काय करू शकत नाहीत, हे समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात त्या खाडाखोड झालेल्या कागदापासून करावी असे माझे मत आहे.

हा विषय समजून घ्यायला सांगली जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचे रुग्णालय सुरू केले, १९६२ साली तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि आज मिरजेच्या एकेका रस्त्यावर ओळीने रुग्णालये आहेत. जत, कवठेमहांकाळ, सांगोला या बाजूंचे रुग्ण येतातच, शिवाय अथणी, चिकोडी, विजयपूर या कर्नाटकातल्या भागांतूनही गाडी मिरज जंक्शनला येते ती रुग्ण घेऊनच. कन्नड बोलणाऱ्या आजींना ‘उपाशीपोटी यायचं आहे’ हे समजावून सांगण्याचे काम कोणत्याही नोंदवहीत लिहिले जात नाही, पण ते होते आणि ते बहुधा सिस्टरच करते.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. ताण हा आजार नव्हे. कॅज्युअल्टीत अपघाताचा रुग्ण आला की सिस्टरच्या शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढते, हृदयाचे ठोके वाढतात, लक्ष एकवटते आणि हात झपाट्याने चालू लागतात. हा ताण उपयोगाचाच आहे. प्रसंग ओसरला की तासा-दोन तासांत शरीर मूळ पदावर येते, निदान यायला हवे. बिघाड होतो तो मूळ पदावर येण्याची सवडच मिळत नाही तेव्हा. एक प्रसंग ओसरण्याआधी दुसरा, एक नाइट संपून झोप पुरी होण्याआधी दुसरी ड्यूटी, असे महिनोन्‌महिने चालले की जी अवस्था येते तिला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. मराठीत आपण तिला ‘करपणे’ म्हणू शकतो. मंद आचेवर ठेवलेले दूध तळाशी लागते तेव्हा वरून ते पांढरेशुभ्रच दिसते. करपल्याचे कळते ते वासावरून, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

अमेरिकेतील मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली हा शब्द सेवाभावी दवाखान्यात काम करणाऱ्यांविषयी लिहिताना वापरला, आणि पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटचा समावेश केला, तो मात्र आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी निर्माण होणारी अवस्था म्हणून. हा फरक वरवर तांत्रिक वाटतो, पण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. आजार म्हटला की उपचार रुग्णावर होतात; कामातून निर्माण होणारी अवस्था म्हटली की प्रश्न कामाला विचारावा लागतो.

या अवस्थेची तीन लक्षणे सांगितली जातात. पहिले, झोप घेऊनही न जाणारा थकवा. दुसरे, कामाविषयी आणि माणसांविषयी येणारा कोरडेपणा: पूर्वी जी सिस्टर ‘काकू, आज जेवलात का?’ असे विचारायची, ती आता ‘बारा नंबर’ एवढेच म्हणते. तिसरे, आपल्या कामाला काही अर्थ उरला नाही, आपल्याला ते नीट जमतही नाही, ही भावना. यातले दुसरे लक्षण नातेवाइकांना चटकन दिसते आणि त्याचा अर्थ ते ‘उद्धटपणा’ असा लावतात. प्रत्येक तुसडे उत्तर करपण्यातून आलेले असते असे मी म्हणणार नाही, कारण काही माणसे मुळातच तुसडी असतात. पण चांगल्या बोलणारीचे बोलणे वर्षभरात बदलले असेल, तर तिच्या स्वभावाआधी तिच्या ड्यूट्या तपासाव्यात.

सगळ्याच कष्टाच्या कामांत माणूस करपत नाही. मग इथेच का? अमेरिकेतील अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली मांडलेले एक सूत्र याचे बरेच उत्तर देते. कामाचा बोजा किती आहे एवढ्यावर ताण ठरत नाही, तर त्या कामात स्वतः निर्णय घेण्याची मुभा किती आहे यावरही तो ठरतो. बोजा मोठा आणि मुभाही मोठी असेल, तर माणूस दमतो पण टिकतो. शल्यविशारदाचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. बोजा मोठा आणि मुभा छोटी असेल, तर तेच काम माणसाला आतून कुरतडते. रात्री दोन वाजता शस्त्रक्रियेचा रुग्ण वेदनेने कण्हत आहे, त्याला कोणते इंजेक्शन लागेल हे वीस वर्षांच्या अनुभवामुळे सिस्टरला ठाऊक आहे, पण लेखी आदेशाशिवाय ती ते देऊ शकत नाही, निवासी डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात अडकले आहेत, आणि तोवर कॉटजवळ उभ्या असलेल्या मुलाची बोलणी तिलाच ऐकायची आहेत. आदेशाचा नियम रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि तो असायलाच हवा, परंतु त्याची किंमत कोण मोजते हेही पाहिले पाहिजे.

जर्मनीतील अभ्यासक योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ साली याला दुसरी बाजू जोडली: घातलेले कष्ट आणि मिळालेला मोबदला यांतली तफावत. मोबदल्यात त्यांनी पगाराबरोबर मान आणि नोकरीची शाश्वतीही धरली. आपल्याकडे एकाच वॉर्डात, एकाच रंगाच्या गणवेशात, एकीजवळ कायम नोकरी आणि दुसरीजवळ अकरा महिन्यांचा कंत्राटी आदेश असतो. दोघी तेच सलाइन लावतात, त्याच नोंदी लिहितात, आणि एकमेकींचा पगार दोघींनाही ठाऊक असतो. खासगी रुग्णालयांतली तफावत याहून मोठी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील निर्देशांनंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली, की दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी परिचारिकांना सरकारी वेतनाएवढे वेतन द्यावे आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही ते महिना २०,००० रुपयांखाली नसावे. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. आपल्या गावातल्या वीस-तीस खाटांच्या रुग्णालयात काय वेतन दिले जाते, हे वाचकांनी ओळखीच्या एखाद्या सिस्टरला हळूच विचारून पाहावे.

आता पुन्हा त्या भिंतीवरच्या कागदाकडे येऊ, कारण खरा हिशेब तिथे आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक. ऐकायला हे प्रमाण उदार वाटते. पण तीन रुग्णांमागे एक ही संख्या दिवसरात्र मिळून असते. तिन्ही पाळ्यांत वाटली की ती प्रत्येक पाळीला नऊ रुग्णांमागे एक अशी उरते. तीस खाटांचा वॉर्ड घ्या. पदे झाली दहा. प्रत्येकीला आठवड्यातून एक सुट्टी द्यायची म्हटली की कोणत्याही दिवशी सरासरी साडेआठ जणी हजर राहतात. त्यांतल्या एक-दोघी रजेवर, बाळंतपणावर किंवा प्रशिक्षणाला असतातच, म्हणजे उरल्या सात. सकाळी राउंड, ड्रेसिंग, शस्त्रक्रियेची तयारी असते म्हणून तिथे तीन लावल्या, तर दुपारी दोन आणि रात्री दोन. म्हणजे रात्री एकीच्या वाट्याला पंधरा खाटा, आणि सरकारी रुग्णालयात खाटांखाली अंथरलेल्या गाद्या असतील तर त्या वेगळ्या. पाच रुग्णांमागे एक हा निकष लावला तर पदे सहाच होतात, आणि हाच हिशेब केला की रात्रीच्या तीस खाटांना एकटी सिस्टर उरते. एका संध्याकाळी तिचे मूल तापाने फणफणले तर काय होते? ईव्हनिंग संपवून घरी निघालेल्या सिस्टरला ‘आजची रात्र तेवढी काढ’ असे सांगितले जाते, तिची डबल ड्यूटी होते, आणि कागदावर लाल शाईची एक खाडाखोड वाढते.

ही अडचण निकष ठरवणाऱ्यांना माहीत नव्हती असे नाही. रजा भरून काढण्यासाठी तीस टक्के राखीव पदे धरावीत, असे परिषदेचे निकषच सांगतात. परंतु पदे रिकामी राहू लागली की पहिली आहुती या राखीव पदांची पडते, कारण ती नसली तरी ‘वॉर्ड चालतो’. वॉर्ड चालतो तो खाडाखोडीवर.

कमी संख्येचा परिणाम सिस्टरवरच होतो असेही नाही. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली दाखवले, की एका परिचारिकेच्या वाट्याला सरासरी एक रुग्ण जास्त आला, तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी आणि परिचारिकेच्या करपण्याची शक्यता तेवीस टक्क्यांनी वाढलेली आढळली. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही, हे खरे आहे. तरीही दोन्ही आकडे एकाच दिशेने जातात, आणि म्हणून परिचारिकांचा ताण हा निव्वळ कर्मचारी कल्याणाचा विषय न राहता रुग्णाच्या जिवाचा विषय होतो. कॅलिफोर्नियाने १९९९ साली परिचारिका-रुग्ण प्रमाणाचा कायदा केला आणि २००४ पासून तो लागू केला, त्यामागे हाच विचार होता.

रात्रपाळीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. आपल्या शरीराचे आतले घड्याळ साधारण चोवीस तासांचे, खरे तर त्याहून किंचित लांब असते. अंधार पडला की मेलॅटोनिन हे झोपेची सूचना देणारे संप्रेरक पाझरते, पहाटे शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते, सकाळी कॉर्टिसॉल हे जाग आणणारे संप्रेरक चढते. नाइट करणारी सिस्टर या घड्याळाच्या विरुद्ध जागते आणि दिवसा, मुलांच्या आणि दारावरच्या बेलच्या आवाजात, त्याच्या विरुद्ध झोपू पाहते. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाच्या हालचाली आणि एकाग्रता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारख्या होतात, असे १९९७ साली ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात दिसले. आपल्याकडे वाहन चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. दुपारी दोनला ईव्हनिंगसाठी आलेली आणि डबल ड्यूटी करून सकाळी आठला स्कूटी काढून मिरजेहून सांगलीच्या रस्त्याला लागलेली सिस्टर किती तास जागी आहे, याचा हिशेब कोणालाही करता येईल. तिने अखेरच्या तासाला इंजेक्शनांचे डोस भरलेले असतात, हेही त्यात धरावे.

काही ताण मात्र संख्येने मोजता येत नाहीत. मनात काहीही असले तरी चेहऱ्यावर धीर ठेवणे, हे सुद्धा श्रमच आहेत. समाजशास्त्रात त्यांना भावनिक श्रम म्हणतात. तीन नंबरच्या खाटेवर मृत्यू झाला, तिथले सोपस्कार उरकले, आणि पाच मिनिटांत सात नंबरच्या बाळंतिणीला हसून ‘पेढे कुठे आहेत?’ विचारायचे, याला रुग्णालयात कोणी काम म्हणून मोजत नाही. त्याहून जड असतो तो योग्य काय हे कळत असूनही ते करता न येण्याचा सल. अमेरिकेतील नीतितत्त्वज्ञ अँड्र्यू जेम्टन यांनी १९८४ साली याला नैतिक यातना असे नाव दिले, आणि तेही परिचारिकांविषयी लिहितानाच. घरच्यांकडे पैसे नाहीत म्हणून रुग्णाला सहीवर घरी नेले जात आहे, तो वाचू शकला असता हे सिस्टरला ठाऊक आहे आणि कागद पुढे करण्याचे काम तिचेच आहे, अशा वेळी ध्यानाचा वर्ग तिला काय देणार?

मारहाणीची आणि शिवीगाळीची भीती वेगळीच. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानुसार आरोग्यसेवा देणाऱ्यांवरील हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, मोडतोडीची दुप्पट भरपाईही द्यावी लागते. कायदा आहे, परंतु रात्री वॉर्डाच्या दारात सुरक्षारक्षक आहे की नाही यावर सिस्टरची झोप अवलंबून असते.

शिवाय या जिल्ह्याने संकटेही पाहिली आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांची धोक्याची रेषा ओलांडून ५७ फुटांवर गेली आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले आणि मिरजेच्या शासकीय रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले, तेव्हा या आजाराविषयी राज्यात फारशी माहितीही नव्हती. अशा प्रसंगांचे एक वैशिष्ट्य असते. लढाई चालू असताना माणसे कोसळत नाहीत, एकमेकांच्या आधाराने उभी राहतात. ती कोसळतात चार-सहा महिन्यांनी, टाळ्या वाजवून झाल्यावर, सगळे पूर्ववत झाले असे इतरांनी ठरवल्यावर.

आता कर्मचारी साहाय्य कार्यक्रम म्हणजे काय ते पाहू. याचा उगम अमेरिकेतल्या कारखान्यांत आहे. १९४० च्या दशकात तिथल्या काही मोठ्या उद्योगांच्या लक्षात आले, की दारूच्या व्यसनात अडकलेल्या कुशल कामगाराला काढून नवा शिकवण्यापेक्षा त्याला व्यसनातून बाहेर काढणे स्वस्त पडते. १९७० नंतर हीच व्यवस्था कौटुंबिक कलह, कर्ज, नैराश्य अशा इतर अडचणींसाठीही वापरली जाऊ लागली. भारतात ती प्रामुख्याने माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या मार्गाने आली. साधारण रचना अशी असते: रुग्णालय एखाद्या बाहेरच्या संस्थेशी करार करते आणि दर माणशी ठरावीक रक्कम भरते, कर्मचाऱ्याला एक फोन नंबर मिळतो, त्यावरून समुपदेशकाशी ठरावीक वेळा, बहुधा तीन ते आठ, विनामूल्य बोलता येते, त्याहून जास्त गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले जाते. काही ठिकाणी कायदेशीर किंवा कर्जाविषयीचा सल्लाही मिळतो. या व्यवस्थेचा कणा गोपनीयता हा आहे. कोणी फोन केला हे व्यवस्थापनाला कळत नाही, किती जणांनी केला एवढाच आकडा कळतो. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद.

व्यवस्था चांगली आहे, पण तिचा वापर जगभर फार कमी होतो, आणि आपल्याकडच्या मध्यम शहरात तर तिच्यासमोर एक खास अडचण उभी राहते. पुण्या-मुंबईत माणूस गर्दीत हरवू शकतो. मिरजेत समुपदेशक बाई कोणाच्या तरी मामेबहीण निघतात, आणि मानसोपचार विभागाच्या बाकावर बसलेल्या सिस्टरला ओपीडीतून जाणारी मावशी ओळखते. संध्याकाळपर्यंत ‘तिला गोळ्या चालू आहेत म्हणे’ हे वाक्य हॉस्टेलच्या पायऱ्यांवर पोचलेले असते. लग्नाची बोलणी चाललेल्या मुलीसाठी हा धोका फोनवर मिळणाऱ्या दिलाशापेक्षा मोठा असतो. आकड्यांची गोपनीयताही छोट्या रुग्णालयात टिकत नाही. ‘आयसीयूतल्या चार जणींपैकी एकीने मदत घेतली’ असा अहवाल आला, तर ती एक कोण, हे ओळखायला अधिसेविकांना, म्हणजे मेट्रनना, पाच मिनिटे पुरतात.

दुसरी मर्यादा कार्यक्रमाच्या स्वभावातच आहे. ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ साली ब्रिटनमधील २३३ संस्थांच्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीचा अभ्यास केला. त्यात ध्यान, ताणनियोजनाचे वर्ग, आरोग्याची अ‍ॅप अशा गोष्टींत भाग घेतलेले कर्मचारी न घेतलेल्यांपेक्षा अधिक बरे असल्याचे दिसले नाही. हा अभ्यास एकाच वेळच्या माहितीवर आधारलेला होता आणि तो परिचारिकांपुरता नव्हता, तेव्हा त्यावरून योग किंवा ध्यान निरुपयोगी आहे असे कोणी म्हणू नये. मुद्दा एवढाच, की महिन्यात चार डबल ड्यूट्या करणाऱ्या सिस्टरला पाचव्या दिवशी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, सक्तीने ताणनियोजनाच्या वर्गाला बसवले, तर कागदावर आणखी एक खाडाखोड होते. जागतिक परिचारिका दिनी, १२ मे रोजी, गुलाबाचे फूल देऊन ‘सेवेची मूर्ती’ म्हणण्याची पद्धत मला याच कारणाने खटकते. ज्यांच्या जन्मदिवशी आपण हा दिवस पाळतो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल या आपले म्हणणे संख्याशास्त्राच्या आधाराने मांडणाऱ्या होत्या; मृत्यूंच्या आकड्यांचे तक्ते सरकारपुढे ठेवून त्यांनी लष्करी रुग्णालये बदलायला लावली. त्यांनी फुलाआधी ड्यूटी लिस्ट मागितली असती.

एका चुकीच्या उपायाचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण तो सद्‌हेतूने केला जातो. एखादी भयंकर घटना घडली की त्याच दिवशी सगळ्यांना एका खोलीत बसवून ‘काय वाटले ते सांगा’ असे बोलायला लावायचे. अशा एका बैठकीने पुढचा मानसिक आघात टळतो याला पुरावा मिळालेला नाही, उलट काहींना त्याने अपाय झाल्याचे दिसले आहे. ज्याला बोलायचे आहे त्याला बोलू द्यावे, ज्याला घरी जाऊन झोपायचे आहे त्याला जाऊ द्यावे, आणि पुढचे काही आठवडे लक्ष ठेवावे, हे अधिक शहाणपणाचे.

मग उपयोगी काय पडते? सहकाऱ्यांचा प्रशिक्षित आधार, हे एक उत्तर आहे. औषधाच्या मात्रेत चूक झाली आणि रुग्णाला इजा झाली, तर पहिला पीडित रुग्णच असतो. पण ज्या हातून चूक झाली ती व्यक्तीही आतून मोडते. अमेरिकेतील डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली तिला ‘दुसरा पीडित’ म्हटले, आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने पुढे अशांसाठी प्रशिक्षित सहकाऱ्यांचा गट उभा केला, ज्यातल्या कोणालाही दिवसरात्र बोलावता येते. हे सहकारी चौकशी करत नाहीत आणि सल्लाही देत नाहीत, फक्त ऐकतात. बॉस्टनचे वकील केनेथ श्वार्ट्झ १९९५ साली कर्करोगाने वारले. उपचारांच्या काळात डॉक्टर-परिचारिकांच्या साध्या आपुलकीने आपल्याला किती धीर दिला हे त्यांनी लिहून ठेवले होते. त्यांच्या नावाने १९९७ पासून रुग्णालयांत बैठका होतात. सर्जनपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे एकत्र बसतात आणि एखाद्या रुग्णाविषयी, उपचाराची चर्चा न करता, आपल्याला काय वाटले ते सांगतात. आपल्या रुग्णालयांतली पायरीपायरीची उतरंड पाहता मावशींच्या देखत प्राध्यापक डॉक्टर ‘मलाही त्या रात्री झोप लागली नाही’ असे म्हणतील का, याविषयी मी साशंक आहे. पण एखाद्याने म्हटले, तर त्याचा परिणाम दहा व्याख्यानांहून अधिक होईल.

दुसरे उत्तर पुन्हा त्या कागदातच आहे, आणि त्यातले पुष्कळसे फुकट आहे. शरीराचे घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असल्यामुळे पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकवल्या तर शरीराला सोसतात, उलट्या क्रमाने सोसत नाहीत. सलग नाइट तीनपेक्षा फार वाढू देऊ नयेत. दोन ड्यूट्यांमध्ये अकरा तासांचे अंतर असावे, म्हणजे रात्री नऊला सुटलेलीला सकाळी सातला बोलावू नये. नाइटमध्ये आळीपाळीने वीस-तीस मिनिटे डोळा लावायची परवानगी अधिकृत असावी. ती अनधिकृतपणे घेतली जातेच, फक्त अपराधी भावनेने. लिस्ट महिना सुरू होण्याआधी दहा दिवस लागावी आणि तिच्यात अदलाबदल करण्याची थोडी मुभा सिस्टरांनाच असावी. कॅरासेक यांच्या सूत्रातली निर्णयाची मुभा इथून सुरू होते. शिवाय ‘सिस्टर’ म्हटल्यावर आपण स्त्रीच गृहीत धरतो, आणि बहुसंख्य परिचारिका स्त्रियाच आहेत, तेव्हा पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी ही २०१७ च्या दुरुस्तीनंतरची कायद्यातली तरतूद आणि लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती, या दोन गोष्टी कोणत्याही समुपदेशनाआधी जागेवर असायला हव्यात.

गोपनीयतेच्या प्रश्नावर मिरजेच्या रचनेतच एक उपाय दडलेला आहे असे मला वाटते. इथे लहान-मध्यम रुग्णालये चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. चाळीस परिचारिकांच्या एका रुग्णालयाला स्वतंत्र कार्यक्रम परवडत नाही आणि तिथे गुपितही राहत नाही. अशा दहा-बारा रुग्णालयांनी मिळून एकच करार केला, तर चारशे-पाचशे जणींच्या आकड्यात एकटी ओळखू येत नाही आणि खर्चही वाटला जातो. समुपदेशक सांगली-मिरजेतला नसावा. कराड किंवा कोल्हापूरकडचा, मराठीइतकेच कन्नड समजणारा मिळाला तर उत्तम, आणि भेट फोनवर व्हावी. कराडच्या रुग्णालयांनी तशीच उलट सोय सांगलीकडे करावी. फोनची वेळ ड्यूटीच्या तासांत धरावी, नाहीतर ती पुन्हा झोपेतूनच कापली जाते. आणि हा कार्यक्रम चालतो की नाही हे किती वर्ग झाले यावरून ठरवू नये. प्रत्येक वॉर्डाच्या लिस्टवर महिन्यात किती खाडाखोडी झाल्या, त्यांतल्या किती ड्यूटीला चोवीस तासांहून कमी वेळ उरला असताना कळवल्या गेल्या, किती ऑफ रद्द झाले आणि वर्षात किती जणी नोकरी सोडून गेल्या, हे चार आकडे इन्चार्ज सिस्टरकडे आजही असतात. ते अधिसेविकांच्या बैठकीत दरमहा वाचले जावेत, एवढेच करायचे आहे.

असा करार होईपर्यंत थांबायचे कारण नाही. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते, आणि त्यासाठी रुग्णालयाची परवानगी लागत नाही. नाइट संपल्यावर स्टँडवर एसटीची वाट पाहतानाही हा फोन करता येतो.